प्रतिपिंडाची साक्ष : एका संज्ञेची चिकित्सा

ज्ञानेश्वरांनी पैठण येथे रेड्याच्या मुखातून वेद वदविले, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तिच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न येथे अप्रस्तुत होय. तिचे एक अंग मात्र पशुवैद्यकातील कर्करोगसंशोधनास विलक्षण लागू पडते. रेड्याच्या मुखातून निघाले ते वेदच, असा निर्णय देण्यास कथेत वेद मुखोद्गत असलेले श्रोते आहेत. ज्याला एका ऋचेचा एकच चरण पाठ आहे असा श्रोता तेथे असता, तर तेवढा चरण कानी पडताच त्यानेही तोच निर्णय दिला असता. परंतु त्या निर्णयास प्रामाण्य कितपत द्यावे, हा प्रश्न उरला असता. एका प्राणिजातीच्या प्रथिनाविरुद्ध सिद्ध केलेले प्रतिपिंड जेव्हा दुसऱ्या जातीच्या ऊतकावर योजिले जाते, तेव्हा संशोधकापुढे असा एकचरणी श्रोताच साक्षीस उभा असतो.

या व्यापारास इंग्रजीच्या अनुसरणाने 'क्रॉस-रिॲक्टिव्हिटी' म्हणतात. मानवी प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड कुत्रा, मांजर किंवा बैल यांच्या ऊतकातही बांधले गेले, की ही संज्ञा लावली जाते. पशूंसाठी स्वतंत्र प्रतिपिंडे थोडी असल्यामुळे हा मार्ग टाळता येण्याजोगा नाही आणि टाळण्याचे कारणही नाही. आक्षेप आहे तो 'बांधले गेले, म्हणून तेच प्रथिन आहे' आणि 'बांधले गेले नाही, म्हणून ते प्रथिन नाही' या दोन अनुमानांवर.

या अनुमानांचे मूळ संज्ञेच्या इतिहासात सापडते. जॉर्ज नटॉल यांनी १९०४ साली केंब्रिज येथून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नाना प्राण्यांच्या रक्ताची परस्परांशी तुलना केली. एका प्राण्याच्या रक्ताविरुद्धचा रक्तरस दुसऱ्याच्या रक्तात मिसळला असता, नाते जितके निकटचे तितका अवक्षेप दाट, असे त्यांना सामान्यतः आढळले. तेथे नात्याचे अनुमान साधार होते. कारण रक्तरसात असंख्य भिन्न प्रतिपिंडे असतात आणि प्रत्येक प्रतिपिंड निरनिराळ्या रेणुखंडाविषयी साक्ष देते. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच कोशिकेच्या वंशातून सर्वस्वी एकसारखी प्रतिपिंडे मिळविण्याची रीत दाखविली, आणि साधन मुळातून पालटले. असंख्य साक्षीदारांच्या जागी एक साक्षीदार आला. त्याची नजर तीक्ष्ण, पण प्रथिनाच्या एका अल्प खंडापुरतीच. साधन बदलले, संज्ञा मात्र तीच राहिली. आणि संज्ञेबरोबर जुने अनुमानही नव्या साधनावर नकळत आरूढ झाले.

तौलनिक भाषाशास्त्राच्या अभ्यासकास हा प्रमाद परिचित आहे. भाषांचे नाते शेकडो शब्दांतील नियमित ध्वनिसंवादांवरून ठरते, एका शब्दाच्या साम्यावरून ठरत नाही. पैठण ही सातवाहनांची राजधानी. हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती ज्या माहाराष्ट्री प्राकृतात आहे, त्या प्राकृतातून संस्कृत 'कर्म' हे 'कम्म' होऊन मराठीत 'काम' झाले. इच्छावाचक 'काम' हा शब्द मात्र संस्कृतातून जसाच्या तसा आला. दोन्ही रूपे एक, कुळे भिन्न. उलट 'चक्र' आणि इंग्रजी 'व्हील' ही रूपे कानाला सर्वथा परकी, तरी मूळ एकच. रूपसाम्य हे एकत्वाचे प्रमाण नाही आणि रूपभेद हे परकेपणाचे प्रमाण नाही.

कर्करोगसंशोधनात या दोन्ही प्रकारांची उदाहरणे आहेत. रिटक्सिमॅब हे औषधी प्रतिपिंड १९९७ पासून मानवी लिंफोमात वापरले जाते. ते 'सीडी२०' या प्रथिनाच्या कोशिकेबाहेरील भागास बांधले जाते. कुत्र्याच्या कोशिकांस ते बांधले जात नाही. एवढ्यावरून कुत्र्यात सीडी२० नाही असे म्हटले असते तर ते चुकले असते. कारण त्याच प्रथिनाच्या कोशिकेतील टोकाविरुद्ध केलेल्या प्रतिपिंडाने ते कुत्र्यातही दाखवून दिले. हे 'चक्र' आणि 'व्हील' यांच्यासारखे होय. 'काम' या शब्दासारखा धोका २०१७ साली उघड झाला. इस्ट्रोजेनग्राही बीटा या प्रथिनासाठी वापरल्या जाणाऱ्या तेरा प्रतिपिंडांची कसून परीक्षा केली असता एकच खऱ्या अर्थाने विशिष्ट ठरले. ही गत मानवी प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांची मानवी ऊतकावर. मग परजातीच्या ऊतकावर सावधगिरी किती हवी, हे सांगणे नलगे.

याचा अर्थ सर्वच परजातीय साक्ष अविश्वसनीय आहे असा नव्हे. १९९३ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मानवी प्रथिनांच्या कोशिकांतर्गत, उत्क्रांतीत फारशा न बदललेल्या खंडांविरुद्ध प्रतिपिंडे योजून अनेक प्राण्यांतील लसीका-कोशिका ओळखल्या. तेथे खंड आधी जाणून घेतला होता, म्हणून यश मिळाले. २०१२ साली व्हिएन्ना येथील संशोधकांनी ट्रास्टुझुमॅब कुत्र्याच्या कर्ककोशिकांनाही बांधले जाते हे दाखविले, तेव्हा दोन्ही जातींतील प्रथिनांचा अमिनो आम्लांचा क्रम त्यांनी ताडून पाहिला होता.

हा प्रश्न मराठवाड्याच्या दावणीपासून दूर नाही. भारतीय वशिंडवाल्या गोवंशात, विशेषतः खच्ची केलेल्या प्रौढ बैलांत, शिंगाचा कर्करोग चिरपरिचित आहे. शिंग एका बाजूस कलते, जनावर डोके झटकते व घासते, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो. शिंग मुळाशी कापणे हा मुख्य उपाय, आणि विलंब झाल्यास तोही अपुरा पडतो. जुवाचे घर्षण, शिंगे तासणे व रंगविणे, प्रखर ऊन, खच्चीकरण अशी अनेक कारणे सुचविली गेली आहेत. हाच रोग म्हशी-रेड्यांत मात्र विरळा. हा भेद का, याचा शोध घेणारा विद्यार्थी साहजिकच मानवी प्रथिनाविरुद्धचे एक प्रतिपिंड बैलाच्या व रेड्याच्या शिंगाच्या ऊतकावर योजील. बैलात तपकिरी रंग उमटला आणि रेड्यात उमटला नाही, तर काय सिद्ध झाले? रेड्यात ते प्रथिन नसेल. किंवा असेल, पण त्याचा नेमका तो खंड एका अमिनो आम्लाने बदललेला असेल. किंवा फॉर्मलिनने तो झाकला गेला असेल. बैलातील रंगही निःशंक नाही : रंग देणारे दुसरे प्रतिपिंड बैलाच्या स्वतःच्या प्रतिपिंडांना चिकटले असणे शक्य आहे. चुकीच्या निष्कर्षावर उभारलेल्या उपचाराचे मोल शेवटी शेतकऱ्याच्या बैलजोडीने चुकते होते.

मराठी संज्ञा घडविताना म्हणून विवेक हवा. 'संकर-प्रतिक्रिया' म्हटल्यास दोन वंशांच्या मिश्रणाचा भास होतो. 'परस्पर-प्रतिक्रिया' म्हटल्यास व्यवहार दोन्ही बाजूंनी होतो असे सूचित होते. वस्तुतः मानवी प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड कुत्र्यात बांधले गेल्याने कुत्र्याच्या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड माणसात बांधले जाईलच असे नाही. 'अन्यजाती-बंधन' ही संज्ञा रुक्ष आहे. परंतु दिसले तेवढेच ती सांगते, हा तिचा गुण होय.

संज्ञेने निम्मेच काम होते. उरलेले प्रबंधलेखकाने करावयाचे आहे. प्रतिपिंड कोणत्या खंडास बांधले जाते, तो खंड त्या जातीत कसा आहे, बांधल्या गेलेल्या प्रथिनाचा रेणुभार अपेक्षित आहे काय, त्याच जातीच्या निरोगी ऊतकात काय दिसले, आणि पहिले प्रतिपिंड वगळले असता रंग नाहीसा झाला काय, या पाच प्रश्नांची उत्तरे जोवर दिलेली नाहीत, तोवर 'बांधले गेले' या क्रियापदाच्या जागी 'आहे' हे क्रियापद लिहिण्याचा अधिकार कोणासही पोहोचत नाही.