‘ऊरु केरी’ : स्थलांतर आणि हास्य

‘ऊरु’ म्हणजे गाव आणि ‘केरी’ म्हणजे आळी. परंतु कन्नडमध्ये हे दोन शब्द शेजारी आले की दुसऱ्याला गावकुसाबाहेरील दलित वस्तीचा अर्थ प्राप्त होतो. कवी सिद्धलिंगय्या (१९५४–२०२१) यांनी आपल्या आत्मकथनाला हीच जोडी नाव म्हणून दिली. मागडी तालुक्यातील मंचनबेले हे त्यांचे जन्मगाव. पुढे बंगळूरच्या श्रीरामपुरातील गरीब वस्तीत ते वाढले. गाव सुटले, परंतु केरी सुटली काय, हा या ग्रंथाचा खरा प्रश्न आहे.

आरंभीच एक दृश्य येते. दोन माणसे खांद्यावर जू घेऊन बैलांप्रमाणे नांगर ओढीत आहेत. त्यांतील एक आपला बाप आहे, हे मुलाच्या ध्यानी येते. या ठिकाणी मराठी वाचक आक्रोशाची अपेक्षा करील. लेखक मात्र वेदनेचा मोजक्या शब्दांत उच्चार करून पुढे जातो, आणि पुढील पृष्ठे दारिद्र्याच्या कथा सांगत हसू लागतात. शहरातही केरी नव्या रूपाने भेटते. तेथील स्मशानसुद्धा या मुलाला वाचन-चिंतनाचे निवांत स्थान वाटते.

दया पवारांच्या ‘बलुतं’शी (१९७८) तुलना येथे अपरिहार्य ठरते. तेथेही गाव आणि मुंबईचा कावाखाना यांत बालपण विभागलेले आहे; पण स्मृतीचा भार असह्य होऊन निवेदकच दुभंगतो, दगडू बोलतो आणि दया पवार ऐकतो. सिद्धलिंगय्यांचा निवेदक दुभंगत नाही. तो स्वतःलाच हसतो. हे हास्य भोळेपणाचे मानता येत नाही, कारण १९७५ च्या ‘होलेमादिगर हाडु’ या संग्रहातील जळजळीत संताप याच कवीचा आहे. संतापाची भाषा अवगत असूनही त्याने स्मृतीसाठी निराळी भाषा निवडली.

या निवडीची किंमतही आहे. प्रत्येक प्रसंग स्वयंपूर्ण किस्सा होऊ लागतो, आणि माणसाच्या खांद्यावर जू ठेवणारी जमिनीची व्यवस्था मधूनमधून पुसट होते. तथापि हास्यामुळेच केरीतील माणसे केवळ दयेचा विषय होत नाहीत. त्यांची चतुराई, त्यांची भुते, त्यांच्या देवता जिवंत राहतात. ग्रामदेवतांवरच पुढे सिद्धलिंगय्यांनी प्रबंध लिहिला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ज्या गावाने बाहेर ठेवले, त्याच्याकडे ते अभ्यासक होऊन परतले.

साहित्य अकादेमीने २००३ मध्ये या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. दलित आत्मकथनाचे मोल वेदना आणि विद्रोह या दोनच मापांनी करण्याची सवय मराठी समीक्षेला जडली आहे. जू वाहणाऱ्या बापाचा मुलगा हसतो तेव्हा ती मापे अपुरी पडतात. ते हास्य विस्मरणातून आलेले नाही. अपमानाला स्मृतीवरचा अखेरचा अधिकार नाकारण्यातून ते आले आहे.