रांगेच्या शेवटी

शाळेच्या सहलीत मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात निमरूदच्या राजवाड्यातले दगडी पट पाहिले होते. दाढीवाले, पंखवाले असीरियन. ही माणसं कधीच संपली, असं तेव्हा वाटलं होतं. पुढे सिडनीच्या फेअरफील्डमध्ये घर घेतलं आणि ती शेजारी निघाली!

१ एप्रिलला त्यांच्या दारावर हिरव्या पाल्याची जुडी दिसली. शेजारच्या आजी म्हणाल्या, “ही निसानची दाढी.” निसान महिन्याचा पहिला दिवस, ‘खा ब-निसान’, हे त्यांचं नववर्ष, २०२५ साली त्यांचं ६७७५ लागलं. सण वसंताचा, पण इथे येतो पानगळीत. आपल्या गुढीचंही इथे तेच होतं म्हणा.

त्याच आठवड्यात फेअरफील्ड शोग्राउंडवर त्यांचा ‘खिग्गा’ नाच पाहिला. खरं तर तो पाहायचा नसतोच. मोठा ढोल आणि झुर्ना, म्हणजे आपल्या सनईची चुलत बहीण, वाजू लागली की हातात हात धरून रांग धरायची. म्होरक्या रुमाल किंवा मणी-घुंगरांची काठी नाचवतो आणि रांग उजवीकडे सरकत राहते. लग्नात नवरानवरीला मांडवात आणतात तेही खिग्ग्यानेच. हल्ली झुर्न्याची जागा बऱ्याचदा कीबोर्ड घेतो, स्पीकर कान फाडतात. मला ते आवडत नाही. रांगेला मात्र त्याचं काही वाटत नाही.

असीरियनांचं १९१५ चं शिरकाण, १९३३ ची इराकमधल्या सिमेलेची कत्तल, २०१४ मध्ये ‘इसिस’च्या धाकाने ओस पडलेली निनवेच्या मैदानातली गावं. दर वेळी ही माणसं उठली आणि नवा देश शोधू लागली. सिडनीत त्यांची संस्था १९६९ पासून आहे. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाने सीरिया-इराकच्या १२,००० जादा निर्वासितांना घ्यायचं ठरवलं, त्यांतले कितीतरी फेअरफील्डलाच उतरले. उर्मियाकडचे, खाबूरकाठचे, निनवेचे, सगळे एका मैदानावर. “आमच्या गावात हे पाऊल मागे पडतं,” अशी भांडणंही होतात. कला जिवंत असल्याची याहून चांगली खूण मला ठाऊक नाही. आपल्या मराठी मंडळात आम्ही आधी खुर्च्या मांडतो, मग नाच बसवतो. लेझमी वर्षभर कपाटात.

आजींनी मला रांगेच्या शेवटी उभं केलं. माझा उजवा हात आठ-नऊ वर्षांच्या एका पोराने धरला; माझं पाऊल चुकलं की तो हाताला हिसका देई. दोन फेऱ्या अडखळत गेल्या. तिसरीत माझा मोकळा डावा हात मागून कुणीतरी पकडला, आणि त्याचंही पाऊल चुकत होतं.