दोन तासांच्या आत

स्वतंत्र गेम बनवणाऱ्यांचा विषय निघाला की पहिलं नाव येतं एरिक बॅरोनचं. साडेचार वर्षं खपून त्याने ‘स्टारड्यू व्हॅली’ एकट्याने घडवला; चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग, संवाद, सगळं त्याचंच. त्या काळात तो सिएटलच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करायचा. 2016 मध्ये गेम आला, पुढे चार कोटींहून अधिक प्रती खपल्या, आणि नंतर घातलेली मोठमोठी भर त्याने फुकट वाटली. हे सगळं खरं. पण कलेशी इमान राखलं की पैसा मागून येतोच, हा त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष साफ खोटा. बुडालेल्यांची चरित्रं कोण लिहितो? शिवाय त्या वर्षांत जोडीदाराच्या कमाईने बॅरोनला तारलं, हे सांगायचं बहुतेकदा राहूनच जातं.

धंद्याचा दबाव म्हणजे मालकाच्या मनातली हाव, अशी आपली समजूत. मला तो दुकानाच्या नियमांत जास्त दिसतो. संगणकावरच्या गेमचं सर्वांत मोठं दुकान म्हणजे स्टीम. 100 डॉलर भरून कुणीही तिथे गेम मांडावा. विक्रीतला साधारण 30 टक्के वाटा दुकानाचा. ओरड होते ती या वाट्याची. कलेच्या अंगाला लागणारा नियम दुसराच आहे: खरेदीपासून 14 दिवसांच्या आत, आणि दोन तासांहून कमी खेळला असेल, तर गेम परत करून पूर्ण पैसे घेता येतात. गिऱ्हाईक म्हणून मला हा नियम हवाच. पण दीड तासाचा गेम शेवटपर्यंत खेळून वर पैसे परत मागायची सोयही त्यातच आहे. ‘समर ऑफ 58’ हा छोटा भयगेम करणाऱ्याने 2021 मध्ये याच कारणाने गेम बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. मग शहाणा निर्माता उगाच पायपीट करायला लावतो, मारलेले शत्रू पुन्हा उभे करतो, कथेत पाणी घालतो. टीव्हीवरच्या मालिका पाहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

टोरांटोच्या विसाई गेम्सने 2023 च्या ‘वेंबा’त हा मोह टाळला. कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाची ही गोष्ट फाटक्या, डागाळलेल्या पाककृतींच्या वहीतून, इडली-पुट्टू करता करता उलगडते आणि दीडेक तासात संपते. भरतीचं त्यात काही नाही. पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, तरी एवढ्याशा गेमला एवढे पैसे कशाला, ही कुरकुर झालीच.

उलट बाजूचा, त्यागाच्या कौतुकातला खोटेपणाही आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्सच्या ‘राजी’साठी 2017 मध्ये मागितलेली लोकवर्गणी जमली नाही, एका संस्थापकाने घर विकून काम चालू ठेवलं आणि 2020 मध्ये गेम आला. छायाबाहुल्यांच्या ढंगात सांगितलेल्या पुराणकथा, राजस्थानी वळणाचे महाल, सगळं देखणं. लढाई मात्र लवकरच तोचतोचपणाकडे झुकते, आणि शेवट तुटल्यासारखा येतो. आपल्याकडे कौतुक झालं ते जास्त त्यागाचं. घर विकलं म्हणून लढाईची रचना सुधारत नाही, आणि हे स्पष्ट सांगणं हाच त्या कष्टांचा मान.

तासाला किती रुपये पडले, या हिशोबात तारे वाटणारी परीक्षणं आता पुरे झाली. आणि ‘वेंबा’ घेतलात, शेवटपर्यंत खेळलात, तर कृपा करून पैसे परत मागू नका.