प्रेक्षक नसलेले नृत्य

नाचणाऱ्या माणसाने प्रवासवर्णन लिहू नये, असे माझे फार दिवसांचे मत आहे. आम्हा लोकांना गावे आठवतात ती रंगमंचावरून. कुठली फळी करकरली, कुठे ऐन चक्करमध्ये घुंगरू तुटले, कुठे विंगेत आयता चहा मिळाला, यापलीकडे आमचा भूगोल जात नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी ब्युनोस आयरिसला तीन आठवडे राहून आले, आणि तिथे एका सभ्य गृहस्थाने एकाच शब्दात माझा असा निकाल लावला की, त्याविषयी लिहिल्यावाचून मला गत्यंतर उरले नाही. तेव्हा हे प्रवासवर्णन नव्हे. हे टँगोचे परीक्षण आहे, आणि ओघाने थोडेसे माझेही.

कथकमध्ये माझी तीस वर्षे गेली. पन्नाशी जवळ आल्यावर पुण्यातल्या एका लहानशा वर्गात मी टँगो शिकू लागले, तेव्हा घरच्यांनी "आता हे काय नवीन?" असे विचारले. दोन वर्षांनी मी विमानाचे तिकीट काढले, तेव्हा त्यांनी विचारणेही सोडून दिले.

आपल्याकडे श्रावणसरी येत होत्या आणि तिकडे कडक थंडी होती. पहिला आठवडा मी शहाण्या प्रवाशासारखा काढला. ला बोका या जुन्या बंदराच्या वस्तीतली कामिनितो नावाची गल्ली पाहिली. पत्र्याच्या घरांना निळे, पिवळे, तांबडे रंग दिलेली ही गल्ली किन्केला मार्तिन या चित्रकाराच्या खटपटीने १९५९ मध्ये उघड्यावरचे संग्रहालय बनली. आज तिथे खानावळींच्या दारात जोडपी टँगो नाचतात, आणि पैसे मोजले की पाहुण्याच्या डोक्यावर हॅट चढवून, गुडघा उचलायला लावून फोटोही काढू देतात. मी काढला. चाकारिता स्मशानभूमीत कार्लोस गार्देलची समाधी पाहिली. हा लाडका गायक १९३५ मध्ये विमान अपघातात गेला. त्याच्या पुतळ्याच्या बोटांत लोक अजूनही पेटती सिगारेट ठेवून जातात. आपण समाधीवर फूल ठेवतो. भक्तीची तऱ्हा निराळी, इतकेच.

एका रात्री जेवणासह टँगोचा खेळ पाहिला. त्याचे परीक्षण थोडक्यात सांगते. नर्तक तरबेज होते. बाईचा पाय पुरुषाच्या दोन्ही पायांमधून विजेसारखा जाऊन परत येई आणि चुकूनही कुठे लागत नसे. पण दीड तासात एकदाही कोणी थांबले नाही. बँडोनिऑन हे टँगोचे मुख्य वाद्य. आले जर्मनीहून, पण रमले ला प्लाता नदीच्या काठी. त्याचा भाता श्वास घेतो तेव्हा सुरांत एक पोकळी पडते. त्या पोकळीत काय करावे, हे ज्याला कळले त्याला टँगो कळला. या मंडळींनी प्रत्येक पोकळीत एक लाथ भरली होती. ठुमरीत जागा आली की तिथे तिहाई कोंबणारे नर्तक मी पुष्कळ पाहिले आहेत. मी त्यांना नेहमीच नावे ठेवीत आले. इथेही ठेवली आणि समाधानाने झोपले.

दुसऱ्या आठवड्यात मिलोंगाला गेले. मिलोंगा म्हणजे टँगोची बैठक. रात्री अकराला रंगू लागते आणि पहाटेपर्यंत चालते. मध्ये नाचायची जागा, कडेने टेबले. चार टँगोंची एक तांदा होते, मग थोडा वेळ भलतेच संगीत लागते आणि सगळे जागेवर जातात. जोड्या एकामागून एक घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, जणू प्रदक्षिणाच. कोणी कोणाचा हात धरून ओढीत नाही. दुरूनच नजरेला नजर द्यायची, पुरुषाने मान किंचित हलवायची, पटले तर बाईने हलवायची. नकार द्यायचा तर नजर वळवायची. कोणाचा अपमान होत नाही.

आता माझी गंमत पाहा. तीस वर्षे मी रंगमंचावर नजरेचा अभिनय केला. नायिका, अभिसारिका, खंडिता, सगळ्या डोळ्यांनी उभ्या केल्या. आणि इथे एक खरा माणूस खऱ्या डोळ्यांनी पाहू लागला की माझी मान आपोआप खाली जाई. दोन तास मी खुर्चीवर बसून होते. शेवटी पांढऱ्या केसांच्या एका आजोबांनी मान हलवली आणि मी धीर करून हलवली.

पहिल्या टँगोत मी जे जे शिकले होते ते ते सारे केले. दुसऱ्यात आणखी केले. टेबलांवरून लोक पाहताहेत, हे मला पाठीला डोळे असल्यासारखे दिसत होते. दुसरा टँगो संपताच आजोबा वाकून म्हणाले, "ग्रासियास." मला वाटले, शाबासकी! मी हसून आभार मानले आणि तिसऱ्याची वाट पाहत उभी राहिले. त्यांनी मला अदबीने खुर्चीपर्यंत पोहोचवले. शेजारच्या बाईंनी मोडक्या इंग्रजीत समजावले, की तांदाच्या मध्येच "आभार" म्हणणे याचा अर्थ "आता पुरे."

त्या रात्री मला झोप आली नाही. पण अपमानाचे दुःख ओसरल्यावर ध्यानात आले, की खेळातल्या नर्तकांवर मी जो आरोप ठेवला होता, तोच त्या आजोबांनी माझ्यावर ठेवला होता. मी थांबत नव्हते. मी त्यांच्याबरोबर नव्हे, त्यांच्या आडून टेबलांसाठी नाचत होते.

आपल्या शास्त्रात रसनिष्पत्तीसाठी सहृदय लागतो, आणि तो समोर बसलेला असतो असे आपण धरून चालतो. टँगोने मला विचारले, तो मिठीत असला तर? इथे पुढचे पाऊल आधी ठरलेले नसते. एकजण सुचवतो, दुसरा ऐकतो, आणि त्या ऐकण्यातून पहिल्याला पुढचे सुचते. कडेला बसलेल्याला दिसते ती नुसती सावली. प्रेक्षक नसला तर ती कला कसली, असे कोणी विचारील. मला वाटते, इथे प्रेक्षक नाही असे नव्हे. तो एकच आहे, आणि तोच नाचतो आहे.

मग रंगमंचावरचा टँगो खोटा म्हणून निकालात काढावा काय? तसे लिहायला सोपे होते, पण इतिहास आडवा येतो. १९३५ ते १९५५ हा टँगोच्या वैभवाचा काळ. दारिएन्सो, दि सार्ली, त्रोइलो, पुग्लिएसे यांच्या वाद्यवृंदांवर सारे शहर नाचत होते. पुढे राजवटी बदलल्या, रॉकचे दिवस आले आणि टँगोचे दिवाणखाने ओस पडले. १९८३ मध्ये पॅरिसला 'तांगो अर्जेंतिनो' हा खेळ झाला, १९८५ मध्ये तो ब्रॉडवेवर गेला, आणि जगभर लोक टँगोचे वर्ग शोधू लागले. म्हणजे माझा पुण्यातला वर्गही दूरच्या नात्याने त्या खेळाचेच लेकरू. मात्र त्या खेळात विरुलासोसारखे स्थूल, प्रौढ, दिवाणखान्यात मुरलेले नर्तकही होते. मंच होता, पण घाई नव्हती. दोष मंचाचा नाही. मंचावर जाताना मिठी विंगेत ठेवून जाण्याचा आहे.

२००३ पासून भरणाऱ्या जागतिक स्पर्धेत हा पेच उघड दिसतो. तिच्यात मंचाचा विभाग वेगळा आणि दिवाणखान्याचा वेगळा. दुसऱ्यात अनेक जोड्या एकदम उतरतात, आधी बसवलेले काही चालत नाही आणि नाच चालू असताना मिठी सोडायची नाही. परीक्षकांना जी जोडी विसरते तीच मला उत्तम वाटली, आणि त्या विसरण्याला परीक्षक गुण देतात! मला हसू आले, पण त्यांच्या जागी मी असते तरी दुसरे काय केले असते?

शेवटच्या रात्री पुन्हा मिलोंगा. नजर वर ठेवली. एका ठेंगण्या गृहस्थांबरोबर चारही टँगो झाले. मी काही विशेष केले नाही. एकदा बँडोनिऑनने श्वास घेतला तेव्हा दोघेही थांबलो, एवढेच. शेवटी रिवाजाप्रमाणे 'ला कुम्पार्सिता' लागली. ती रचना माँटेव्हिडिओच्या मातोस रोद्रिगेसची, म्हणजे नदीपलीकडल्या उरुग्वेची. २००९ मध्ये युनेस्कोने टँगोला मानवतेचा वारसा म्हटले तेही दोन्ही देशांच्या नावाने, ते बरेच झाले.

परत आल्यावर पहिला कार्यक्रम झाला. टाळ्या नेहमीपेक्षा कमीच पडल्या. मी घुंगरू सोडत असताना आमचे तबलजी, ज्यांची साथ मी वीस वर्षे गृहीत धरली होती, पानाची चंची काढीत म्हणाले, "ताई, आज घाई नव्हती."

वाचकांपैकी कोणी ब्युनोस आयरिसला गेले, तर खेळ जरूर पाहावा, हॅट घालून फोटोही काढावा. पण एक रात्र मिलोंगासाठी राखून ठेवावी. आणि दुसऱ्या टँगोनंतर कोणी आभार मानले, तर निमूटपणे खुर्चीवर येऊन बसावे.