शालेय ग्रंथालय आणि सामाजिक न्याय : एक चिकित्सा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे व त्यात वृत्तपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, अशी तरतूद आहे. ती स्वागतार्ह खरी; परंतु ग्रंथसंग्रहापाशीच थांबते. याच अनुसूचीत शंभरापेक्षा अधिक पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. ग्रंथपालाचा मात्र उल्लेखही नाही. देवघेवीची जबाबदारी कोणावरच नसेल, तर पुस्तके कपाटात सुखरूप राहतात. पाठ्यपुस्तकाखेरीज घरात एकही पुस्तक नसलेल्या मुलाची यात सर्वाधिक हानी होते.

छत्रपती संभाजीनगरच्या संदर्भात हे विशेष खटकते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे मिलिंद. वंचितांच्या हाती ग्रंथ देण्याची परंपरा या शहरास अपरिचित नाही. २०२१ मध्ये येथीलच वस्त्यांतून, एका शाळकरी मुलीच्या पुढाकाराने, मोहल्ला बालवाचनालये उभी राहिली. उपक्रम कौतुकास्पद होय. पण कायद्याने शाळेवर सोपविलेले काम मोहल्ल्याला करावे लागावे, हे शाळेचे अपयश नव्हे काय?

शिवाय अनुसूची विषयांचा विचार करते, वाचकांचा नाही. घरी उर्दू बोलणारे मूल, ब्रेलवर अवलंबून असणारे मूल, ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांसोबत गाव सोडणारे मूल यांच्यापर्यंत पुस्तक कसे पोहोचावे, याविषयी ती मौन बाळगते.