ऑस्ट्रेलियातील सॉकर : विस्मृत इतिहास आणि त्याचे इतिहासकार

मराठी वाचकाच्या लेखी फुटबॉल म्हणजे एकच खेळ. ऑस्ट्रेलियात मात्र या नावावर अनेकांचा हक्क आहे. मेलबर्नमध्ये १८५९ साली नियमबद्ध झालेला स्वदेशी खेळ व्हिक्टोरियात 'फुटबॉल' ठरला. न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलंडमध्ये ते नाव रग्बीकडे गेले. उर्वरित जगाच्या फुटबॉलला तेथे 'सॉकर' या नावावर समाधान मानावे लागले. नाव वेगळे म्हणून खेळ परका, आणि परक्या खेळाला देशाच्या इतिहासात जागा नाही, असा या उपेक्षेचा क्रम दिसतो. या उपेक्षेची दखल घेणाऱ्या काही ग्रंथांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जॉनी वॉरन (१९४३-२००४) यांचा 'शीलाज, वॉग्ज अँड पूफ्टर्स' (२००२) हा त्यांतील सर्वांत परिचित ग्रंथ. शीर्षकातील तिन्ही शब्द हेटाळणीचे आहेत : स्त्रिया, दक्षिण युरोपातून आलेले स्थलांतरित आणि समलिंगी पुरुष यांना उद्देशून वापरले जाणारे. सॉकर खेळणारा या तिघांपैकीच कोणीतरी असणार, ही रूढ समजूत वॉरन यांनी थेट मुखपृष्ठावर आणली. सिडनीत वाढलेले वॉरन सेंट जॉर्ज बुडापेस्ट या हंगेरियन स्थलांतरितांच्या क्लबाकडून खेळले; त्यामुळे ग्रंथातील कृतज्ञतेचा सूर अस्सल आहे. त्यांच्याच नेतृत्वाखाली १९६७ साली युद्धग्रस्त सायगावमध्ये ऑस्ट्रेलियाने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला ३-२ असे नमवून आपला पहिला आंतरराष्ट्रीय करंडक जिंकला. हाच पराक्रम क्रिकेटमध्ये घडता तर तो पाठ्यपुस्तकात गेला असता.

तथापि वॉरन यांच्या मांडणीत एक गंभीर अडचण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या स्थलांतरितांनी खेळाला जीवदान दिले, या कथनाच्या तेजात त्याआधीचा खेळ अंधारात राहतो. सॉकर बाहेरून आला, हे विरोधकांचेच गृहीतक यातून नकळत बळकट होते.

इयन सायसन यांचा 'द गेम दॅट नेव्हर हॅपन्ड' (२०१८) हा ग्रंथ नेमक्या याच जागी बोट ठेवतो. सायसन हे साहित्याचे अभ्यासक. जुन्या वृत्तपत्रांकडे ते केवळ माहितीचे भांडार म्हणून न पाहता संहिता म्हणून पाहतात. सामना झाला की नाही यापेक्षा तो कोणत्या शब्दांत सांगितला गेला वा गाळला गेला, याकडे त्यांचे लक्ष असते. १८८० साली सिडनीजवळ पॅरामाटा येथे झालेला सामना दीर्घकाळ पहिला मानला जात होता. ७ ऑगस्ट १८७५ रोजी ब्रिस्बेनजवळच्या वुगारू मनोरुग्णालयात चेंडूला हात न लावता खेळला गेलेला सामना आता उजेडात आला आहे. न्यूकॅसल, इलावारा, इप्स्विच या कोळसा खाणींच्या परिसरांत तर हा खेळ कामगारजीवनाचाच भाग होता. १९३८ मध्ये करुणा भट्टाचार्य यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने ऑस्ट्रेलियाचा दौरा केला, तो अशा रुजलेल्या खेळामुळेच. पुढे मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १ डिसेंबर १९५६ रोजी भारताने यजमानांना ४-२ असे हरवले. त्यात तीन गोल करणारे गोमंतकीय नेव्हिल डिसूझा भारतीय क्रीडालेखनात अधूनमधून आठवले जातात. पराभूत संघामागची परंपरा मात्र येथेही कोणाच्या कुतूहलाचा विषय झालेली नाही.

स्थलांतरित आणि ब्रिटिश वंशाचे, या द्वंद्वाबाहेरचा पट जॉन मेनार्ड यांनी 'द अ‍ॅबोरिजिनल सॉकर ट्राइब' (२०११) मध्ये उलगडला. मेनार्ड स्वतः वोरिमी या आदिवासी समाजातील इतिहासकार आहेत. बालपणी आईपासून तोडलेले जॉन मोरियार्टी १९६० साली राष्ट्रीय संघात निवडले गेले. युरोपीय खेळाडूंना हस्तांतरणाचे शुल्क न देता खेळवल्याबद्दल फिफाने ऑस्ट्रेलियाला निलंबित केले होते. त्यामुळे दौरा रद्द झाला आणि मोरियार्टींचे पदार्पण हुकले. आदिवासींना राष्ट्रीय जनगणनेत मोजावे, यासाठीचे सार्वमत त्यानंतर सात वर्षांनी झाले, हे येथे ध्यानात घ्यावे. १९६५ च्या 'फ्रीडम राइड'चे नेते चार्ल्स पर्किन्स ॲडलेडमध्ये क्रोएशियनांच्या आणि सिडनीत ग्रीकांच्या क्लबाकडून खेळले. ज्यांना गोऱ्या समाजाने दाराबाहेर ठेवले, त्यांना त्याच समाजाने हिणवलेल्या स्थलांतरितांनी आत घेतले. राजकीय इतिहासात पर्किन्स ठळकपणे येतात, पण त्यांचे खेळाडूपण तळटीपेत जाते. मेनार्ड यांनी ही फारकत दूर केली, हे त्यांचे मोठे श्रेय होय.

विस्मरण विरोधकांनीच घडवले असे मात्र नाही. २००५ मध्ये ए-लीग सुरू करताना महासंघाने 'जुना सॉकर, नवा फुटबॉल' ही भूमिका घेतली आणि १९७७ पासून सत्तावीस वर्षे चाललेली राष्ट्रीय लीग अडगळीत टाकली. २०१४ च्या धोरणाने नव्या क्लबांना वांशिक ओळख सांगणारी नावे घेण्यास मनाई केली. ते धोरण २०१९ मध्ये मागे घेण्यात आले.

वॉरन यांच्या शीर्षकातील पहिला शब्द स्त्रियांविषयीचा आहे, ग्रंथ मात्र बहुतांशी पुरुषांचा. २४ सप्टेंबर १९२१ रोजी ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर उत्तर व दक्षिण ब्रिस्बेनच्या महिला संघांमधील सामना पाहण्यास सुमारे १०,००० प्रेक्षक जमले होते. १६ ऑगस्ट २०२३ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यासाठी सिडनीत ७५,७८४ प्रेक्षक आले. या दोन तारखांमधील वाट फिओना क्रॉफर्ड आणि ली मॅकगोवन यांच्या 'नेव्हर से डाय' (२०१९) या ग्रंथात सापडते. त्याच्या उपशीर्षकात या खेळाला शंभर वर्षे लागलेले 'एका रात्रीतले' यश म्हटले आहे.