बंदिवासातील रंगनामे : 'श्यामची आई'संबंधी एक टिपण

बंदिवानाच्या कलाकृतीत काळा रंग आढळला की तो शोकाचा, तांबडा आढळला की तो बंडाचा, असे मानण्याची सवय समीक्षेला जडली आहे. हे कोष्टक 'श्यामची आई'ला लावून पाहावे. १९९८ पर्यंत नंदुरबार ज्या धुळे जिल्ह्यात मोडत असे, त्या धुळ्याच्या तुरुंगात साने गुरुजींनी १९३२ मध्ये विनोबांची गीता-प्रवचने टिपून घेतली. 'श्यामची आई'चा बहुतांश भाग त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिला. हाती कागद आणि शाई. रंग असेल तो शब्दांतच.

लेखकाचे नाव पांडुरंग, म्हणजे पांढुरक्या वर्णाचा. निवेदकाचे श्याम, म्हणजे काळसर. हा विरोध केवळ कोशातला. मराठी माणसाचा पांडुरंग पंढरीचा, आणि तो सावळाच. 'सावळा' हे रूपही संस्कृत 'श्यामल', प्राकृत 'सामल' याच वाटेने आलेले. तेव्हा तुरुंगात पांडुरंगाने श्याम होणे यात काळोखाचे प्रतीक नाही. एकाच दैवताच्या एका नावाकडून दुसऱ्या, अधिक जवळच्या नावाकडे जाणे आहे. लेखकाने हे हेतुपुरस्सर योजले, असे म्हणण्याचे कारण नाही. भाषेने ती सोय आधीच करून ठेवली होती.

तांबड्याचेही तसेच. 'लाडघरचे तामस्तीर्थ' या प्रकरणाला ज्या तांबूस पाण्यावरून नाव मिळाले, ते दापोलीजवळच्या समुद्रात प्रत्यक्ष दिसते. भिंतीआड बसलेल्या लेखकाला ते आठवले, इतकेच. त्यात बंडाचे निशाण पाहणाऱ्या अभ्यासकाने एकदा लाडघरला जाऊन यावे.